अक्षरांचे चौकोन का होतात, आणि ‘ळ’ कुठे हरवतो?

माझी आत्या इंदूरला रामबागेत राहते. डोळ्यांनी साथ सोडल्यापासून ती कानाने वाचते. फोनवर आलेला मजकूर बोलून दाखवायची सोय मी तिला लावून दिली आहे. त्यावर ती नातेवाइकांचे निरोप ऐकते, लेख ऐकते, व्हॉट्सॲपवरचे विनोदही ऐकते आणि पोट धरून हसते. गेल्या दिवाळीत माळा आवरताना काकांची एक सीडी सापडली. काका म्हणजे आत्याचे यजमान. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. होळकरांच्या वेळच्या इंदुरावर त्यांनी वीसेक लेख लिहिले होते आणि २००२ साली एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले होते. मी सीडीतली फाइल काढली, आत्याच्या फोनवर टाकली आणि वाचायला लावली.

फोनने इंग्रजी अक्षरं म्हणायला सुरुवात केली. जे, के, ई, मग आणखी कसली कसली. आत्या अर्धं मिनिट शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, “अरे, हे ह्यांचं नाही.”

खरं तर त्यातलं अक्षर अन् अक्षर काकांचंच होतं. मी सतरा वर्षं प्रोग्रॅमिंग करतो; काय झालंय ते मला लगेच कळलं, पण आत्याला एका वाक्यात सांगता येईना. त्यानंतर लक्ष ठेवलं, तर हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सगळ्यांनाच छळतो असं दिसलं. कुणाच्या फोनवर मराठीच्या जागी चौकोन येतात, कुणाच्या यादीत डोक्यावर रेघ असलेले इंग्रजी ‘ए’ भरतात, काळे आडनावाच्या कुणाचं नाव अर्जात ‘काले’ होतं. या सगळ्याचं मूळ एकच आहे आणि ते समजायला अजिबात अवघड नाही.

यंत्राला फक्त आकडा कळतो

खजरान्याच्या गणपतीला गेलं की चपला स्टँडवर देऊन आपण बिल्ला घेतो. समजा बिल्ल्यावर ७४ लिहिलंय. त्या पत्र्याच्या तुकड्यात आपल्या चपलेचं काहीच नसतं, ना रंग, ना माप. स्टँडवाल्याच्या फळीवर ७४ व्या खणात आपली चप्पल आहे, एवढ्यावर सगळा व्यवहार चालतो.

संगणक आणि फोन अक्षरं अशीच सांभाळतात. आत ‘म’ नसतो, बिल्ला असतो. पडद्यावर दाखवायची वेळ आली की तो बिल्ला एका यादीत शोधायचा आणि त्या खणातलं चित्र काढून दाखवायचं. चित्रांच्या त्या फळीला म्हणायचं फॉन्ट. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हे ठरवणाऱ्या यादीला म्हणायचं संकेतन. लेख समजायला हे दोनच शब्द लागतात.

आता तोच ७४ चा बिल्ला घेऊन तुम्ही अन्नपूर्णेच्या देवळातल्या स्टँडवर गेलात तर? एक तर दुसऱ्याच कुणाची चप्पल हातात येईल, नाहीतर तो माणूस म्हणेल, असा खणच नाही. मराठी मजकूर बिघडतो तो नेमका या दोन प्रकारांनी. बिल्ला शाबूत असतो, स्टँड चुकलेला असतो.

‘राम’ इंग्रजीत कसा शिरला

सुरुवातीची यादी अमेरिकेत १९६३ साली ठरली. तिचं नाव आस्की. तिच्यात १२८ खण होते आणि त्यांत इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं बसली की जागा संपत होती. आपल्याकडेही हुशार माणसं स्वस्थ बसली नव्हती. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची यादी तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचा दर्जा दिला. तिची रचना सुरेख होती: देवनागरी ‘क’, गुजराती ‘क’, तेलुगू ‘क’ या सगळ्यांना एकच आकडा. पण छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत गिऱ्हाईक पत्रिका घेऊन दारात उभं असे. तिथे चालली ती दुसरीच युक्ती.

युक्ती अशी: यादी इंग्रजीचीच राहू द्यायची, फक्त फळीवरची चित्रं बदलायची. ज्या खणात इंग्रजी ‘जे’ होता तिथे ‘र’चं चित्र ठेवायचं, ‘के’च्या खणात काना, ‘ई’च्या खणात ‘म’. हिंदी पट्ट्यात सर्वत्र चालणाऱ्या कृतिदेव फॉन्टची मांडणी हीच आहे. त्यात ‘राम’ टाइप करायला जे, के, ई या कळा दाबायच्या. पडद्यावर ‘राम’ उमटतो, कागदावर ‘राम’ छापला जातो, फाइलच्या पोटात मात्र ‘जे-के-ई’ असतं. महाराष्ट्रात शिवाजी, किरण अशा फॉन्टांनी हेच केलं, प्रत्येकाने आपापल्या मांडणीने.

या युक्तीने त्या काळी फार मोठं काम केलं, हे आधी मान्य करायला हवं. ती नसती तर लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक संगणकावर यायला आणखी कितीतरी वर्षं लागली असती. वेबदुनिया हे हिंदी पोर्टल १९९९ साली आपल्या इंदुरातूनच सुरू झालं. त्या काळी देशी भाषेतली कुठलीही साइट उघडली की आधी फॉन्ट उतरवून घ्या अशी सूचना येई, आणि लोक फोनलाइनच्या त्या मंद इंटरनेटवर तो उतरवून घेतही असत. भाषेची ओढच तेवढी होती.

फक्त या युक्तीला एक अट होती. वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट असला पाहिजे. आत्याच्या फोनकडे तो नव्हता, म्हणून त्याने पोटातलं जे होतं ते प्रामाणिकपणे वाचलं.

सगळ्या देवळांत चालणारा बिल्ला

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. कल्पना साधी आणि अफाट होती: जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक स्वतंत्र आकडा द्यायचा आणि तो पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंतचे १२८ खण मिळाले आणि त्यांचा क्रम इस्कीवरूनच घेतला गेला. म्हणजे आपल्या माणसांनी केलेली मेहनत वाया गेली नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. ‘क’ म्हणजे २३२५. ‘म’ म्हणजे २३५०. हे इंदुरात खरं, इचलकरंजीत खरं आणि टोकियोतही खरं.

पण आकडा ठरला तरी त्याचं चित्र लागतंच. विंडोजवर युनिकोड देवनागरी दाखवणारा ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला. ते मराठी कवी आणि सुलेखनकार. लाखो लोकांनी संगणकावर पहिल्यांदा खरीखुरी देवनागरी पाहिली ती त्यांच्या हाताच्या वळणातून.

चौकोन येतो तो इथे. फोनला आकडा ओळखता आला, पण त्याच्याकडच्या कुठल्याच फॉन्टमध्ये त्या खणात चित्र नाही. मग तो रिकामी चौकट दाखवतो. नव्या इमोजी जुन्या फोनवर चौकोन दिसतात त्या यामुळेच. इंदूरकरांना जवळचं उदाहरण मोडीचं. होळकर दरबाराचा कारभार ज्या लिपीत चाले तिला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. तरीही ज्या फोनमध्ये मोडीचा फॉन्ट नाही तिथे ती चौकोनांची रांगच दिसते. फॉन्ट घाला, तीच रांग वाचता येते.

डोक्यावर रेघ असलेला ‘ए’

मंडळाच्या सभासदांची यादी कुणीतरी मेलने पाठवतं, आपण ती स्प्रेडशीटमध्ये उघडतो आणि नावांच्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेले ‘ए’ ओळीने उभे असतात. ही अडचण मला सगळ्यात जास्त वेळा विचारली जाते, म्हणून इथे थोडं थांबतो.

संगणकाची साठवण लहान लहान डब्यांत होते. एका डबीला बाइट म्हणतात आणि तिच्यात ० ते २५५ एवढाच आकडा मावतो. आपला ‘म’ २३५० चा. तो एका डबीत कसा बसणार? तो तीन डब्यांत वाटून ठेवावा लागतो. वाटायची जी पद्धत आज जवळपास सगळीकडे चालते तिचं नाव यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर तिची आखणी केली. तिच्या नियमाने ‘म’चे तीन भाग होतात: २२४, १६४, १७४. देवनागरीतल्या कुठल्याही अक्षराची पहिली डबी २२४ चीच असते, दुसरी १६४ किंवा १६५.

समोरच्या प्रोग्रॅमला जर वाटलं की ही फाइल जुन्या पाश्चात्त्य यादीतली आहे, तर तो तीन डब्या एकत्र न वाचता एकेक सुटी वाचतो. त्या यादीत २२४ म्हणजे रेघवाला ‘ए’. १६४ म्हणजे चार कोपऱ्यांना किरण असलेलं वर्तुळ. १६५ म्हणजे जपानी येनचं चिन्ह. म्हणून मराठीचा कचरा नेहमी त्याच चेहऱ्याचा दिसतो. अनुभवी माणूस लांबूनच सांगेल की हा मुळात देवनागरी मजकूर आहे.

आणि तो पूर्ण वाचवता येतो. फाइल नुसती डबल क्लिक करून उघडू नका; प्रोग्रॅममधून ‘इम्पोर्ट’ करा आणि संकेतन विचारलं की यूटीएफ-८ निवडा. चौकोन दिसला तरी मजकूर शाबूत असतो, रेघवाला ‘ए’ दिसला तरी शाबूत असतो. फक्त नावांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर सावध व्हा. म्हणजे मधल्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने ओळख न पटलेली अक्षरं टाकून देऊन तिथे प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं. ते परत येत नाही. अशा वेळी मूळ फाइल पुन्हा मागवा आणि तोवर हाताशी असलेली फाइल ‘सेव्ह’ करू नका.

काळे आणि काले: एका आकड्याचं अंतर

आता इंदूरच्या मराठी माणसाचं खास दुखणं. हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. म्हणून पाट्यांवर होळकरांचे होलकर झाले, टिळकांचे तिलक झाले. बोलताना हे चालतं. शेजारी आपले आहेत, त्यांच्या जिभेचं वळण वेगळं आहे, त्यात रागवण्यासारखं काही नाही. पण यंत्राच्या बाबतीत हे इतकं सोपं राहत नाही.

‘काळे’ म्हणजे यंत्राच्या लेखी २३२५, २३६६, २३५५, २३७५. ‘काले’ म्हणजे २३२५, २३६६, २३५४, २३७५. तिसऱ्या जागी एकाचा फरक. माणूस समजून घेतो, यंत्र दोन वेगळी माणसं मानतं. माझ्या एका भाच्याचं नाव एका कागदावर ‘ळ’ने आणि दुसऱ्यावर ‘ल’ने आलं आणि प्रवेशाच्या वेळी त्याच्या वडिलांना प्रतिज्ञापत्रासाठी दोन दिवस हेलपाटे घालावे लागले. इंग्रजीत लिहिलेलं आडनाव प्रोग्रॅमने हिंदीत आणलं की ‘ळ’ आपोआप येणार नाही. इंग्रजी ‘एल’मध्ये ‘ल’ही आहे आणि ‘ळ’ही. म्हणून अर्ज भरताना देवनागरी नावाची ओळ पडद्यावर स्वतः वाचा आणि तिथल्या तिथे बदलून घ्या. समोरचा माणूस म्हणेल की कीबोर्डवर हे अक्षरच नाही. सरकारी मानकातल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘ळ’ हा ‘ल’च्याच कळीवर आहे, शिफ्ट दाबून. नम्रपणे सांगा, मिळेल.

इथे एक गैरसमज होतो. मराठीतला ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि हिंदीतला ‘ल’ दंड असलेला, हाही फरक आपल्याला डोळ्यांना खटकतो. पण त्या दोघांचा आकडा एकच आहे, २३५४. फक्त फॉन्टने कपडे वेगळे घातले. फोनची भाषा मराठी केली तर चांगले फॉन्ट पाकळीचा ‘ल’ दाखवतात, हिंदी केली तर दंडाचा. पेहराव बदलला म्हणून माणूस बदलत नाही. ‘ळ’ मात्र वेगळाच माणूस आहे, त्याचं घर वेगळं, घर नंबर वेगळा. नावाच्या बाबतीत भांडायचं असेल तर ‘ळ’साठी भांडावं. पाकळीसाठी सेटिंग बदलावी.

आचारी की आचार्य

मुंजीच्या घरातला निरोप: ‘आचार्यांना सकाळी सातला बोलावलं आहे.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं आचाऱ्यांना, जिलबी तळायला. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर यावर आठवडाभर विनोद चालले. जिलबीच्या कढईपाशी बसलेल्या आचार्यांची चित्रं निघाली. आत्यालाही ते ऐकवलं, पण फोनने दोन्ही शब्द सारखेच उच्चारले आणि गंमत मलाच समजावून सांगावी लागली.

‘ऱ्य’ आणि ‘र्य’ हा भेद मराठीत अर्थ बदलतो. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. हिंदीत या आडव्या रकाराची गरज पडत नाही, म्हणून हिंदी कीबोर्डवर तो सहज सापडत नाही. युनिकोडने त्याची सोय केली आहे, पण एकाहून अधिक प्रकारांनी. एक, ‘ऱ’ (२३५३) आणि त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण. दोन, साधा ‘र’, खाली नुक्ता म्हणजे टिंब आणि मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारी जोडखूण, आकडा ८२०५. तिन्हींचं चित्र पडद्यावर सारखंच येतं. पण ‘दुसऱ्या’ हा शब्द एका पद्धतीने लिहिला आणि दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर साधा शोध म्हणेल की असा शब्दच नाही. समोर दिसत असतानाही. मराठी मजकुराचा शोध घेणारं काहीही बनवत असाल तर आधी हे तिन्ही प्रकार एकसारखे करून घ्या. हे कळायला मला नोकरीतली पहिली तीन वर्षं लागली.

ही ८२०५ ची जोडखूण फार मोठी झाली आहे. इमोजीतलं आई, बाबा आणि मुलगी असं कुटुंबाचं चित्र पाहिलंय ना? ते एक चित्र नाही. बाबा, जोडखूण, आई, जोडखूण, मुलगी, अशी ती ओळ आहे. शेतकरीण म्हणजे बाई, जोडखूण आणि धान्याचं कणीस. ज्या फोनला ही जोड समजत नाही तिथे बाई आणि कणीस सुटे दिसतात. आपल्यासारख्या जोडाक्षरांच्या आणि अरबीसारख्या जुळून चालणाऱ्या लिप्यांना लागते म्हणून ही खूण युनिकोडमध्ये आली, आणि आज सगळं जग तिच्यावर आपली हसरी-रडकी चित्रं जोडतंय. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

अक्षरं अशी जोडून दाखवणं सोपं काम नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनवरचं ते ॲपच बंद पडत होतं. काही दिवसांत दुरुस्ती आली, पण तोवर लोकांनी ते अक्षर एकमेकांना पाठवून पुष्कळ खोड्या काढल्या. मला त्या खोड्या आवडल्या नव्हत्या. कुणाच्या तरी मातृभाषेतलं ते रोजचं अक्षर होतं.

तीन अक्षरांचा श्रीकृष्ण नऊचा कसा होतो

श्री, कृ, ष्ण. आपण तीन मोजतो. यंत्र मोजतं श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त, ण: नऊ. बाइटमध्ये मोजाल तर सत्तावीस. अर्जात ‘जास्तीत जास्त २० अक्षरं’ असं असतं आणि आपलं नाव मध्येच तुटतं, ते यामुळे. फॉर्म बनवणाऱ्या माझ्या धंदेबंधूंना विनंती आहे की नावाची मर्यादा ठेवताना एकदा ‘श्रीकृष्ण’ लिहून पाहा.

एसएमएसचंही हेच. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं त्यात सात-सात बिटांत (आठ बिटांचा एक बाइट) दाटीने बसवतात, म्हणून १६० जातात. देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी संपूर्ण मेसेज मोठ्या मापाने मोजला जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब असेल तर प्रत्येक तुकड्यात ६७. मंडळाचे एकगठ्ठा निरोप पाठवणाऱ्यांना तुकड्यागणिक पैसे पडतात. गणेशोत्सवाच्या शुभेच्छांचा शंभर अक्षरांचा निरोप इंग्रजीत लिहून वर एकच ‘श्री’ देवनागरीत घातलात, तर खर्च दुप्पट होऊ शकतो.

“मग रोमनमध्येच लिहिलं तर काय बिघडलं?”

तरुण मुलं हे विचारतात आणि प्रश्न खरा आहे. घाईत, गप्पांत लिहा की, मीही लिहितो. पण के-ए-एल अशी तीन इंग्रजी अक्षरं लिहिलीत तर ती काल आहेत, काळ आहेत, कल आहेत की कळ? ओळखीचा माणूस संदर्भाने लावून घेईल. वीस वर्षांनी वाचणाऱ्याला संदर्भ कुठून मिळणार? आणि आत्याचा फोन ते इंग्रजी शब्द समजून वाचतो. तिला त्यातलं अवाक्षर कळत नाही. आजी-आजोबांना लिहायचं असेल तेव्हा तरी देवनागरीत लिहा, कारण अनेकांच्या घरात आता फोनच त्यांना वाचून दाखवतो.

दुसरं म्हणणं असं की मराठीला तिप्पट जागा लागते. लागते, एका अक्षराला तीन बाइट. तीनशे पानांचं पुस्तक, पानाला दोन हजार चिन्हं धरली, तर अठरा लाख बाइट होतात. फोनने काढलेला एक चांगला फोटो याहून जड असतो. जागेची काळजी सोडून द्या.

तिसरं, छापील पानाचा फोटो पाठवला की झालं. डोळसांपुरतं झालं. फोटोतून शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला पुन्हा एक मधला प्रोग्रॅम लागतो, जो जुन्या छपाईतला ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ नेमका चुकवतो.

मराठीची यादीही एका दिवसात पूर्ण झाली नाही. ‘ॲ’ला स्वतःचा आकडा मिळाला २००८ साली, त्याआधी ‘ॲप’ लिहायला लोक ‘अ’वर चंद्र बसवायचे किंवा हिंदीतला ‘ऍ’ वापरायचे. आपण वापरत राहिलो, मागत राहिलो, म्हणून ती भरत गेली.

काकांची फाइल

जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणता येते. नेटवर त्यासाठी फुकट साधनं मिळतात: इकडे जुना मजकूर टाका, तिकडे नवा घ्या. आत एक तक्ता असतो, जे-के-ई असेल तर र-काना-म. पण नुसत्या तक्त्याने भागत नाही, कारण जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असतात आणि युनिकोडमध्ये बोलण्याच्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना जुनी पद्धत वेलांटी आधी ठेवते, मग ‘क’. युनिकोडमध्ये ‘क’ आधी, वेलांटी नंतर. ‘स्थिती’मध्ये ती पहिली वेलांटी ‘स’ ओलांडून ‘थ’च्या मागे न्यावी लागते. रफार याच्या उलट: ‘सूर्य’ मध्ये जुनी पद्धत तो ‘य’ झाल्यावर डोक्यावर ठेवते, तर उच्चारात ‘र’ आधी येतो.

मी आधी एक तयार साधन वापरलं. मग दोन संध्याकाळी बसून स्वतःचं लिहिलं आणि ते नीट व्हायला तीन आठवडे गेले. तुम्ही करणार असाल तर मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत घ्या. रूपांतर झालं की सगळा मजकूर वाचायला वेळ नसेल तर निदान रफार, जोडाक्षरावरची ह्रस्व वेलांटी, ‘ऱ्य’ आणि ‘ळ’ असलेले शब्द तपासा. आणि फॉन्टचं नाव फाइलबरोबर लिहून ठेवा. कोणत्या देवळाचा बिल्ला आहे हेच विसरलं तर काम फार कठीण होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे गेलो. पहिला लेख लावला. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली, तिथून तो सुरू होत होता. यंत्राचा आवाज सपाट, तरी वाक्यं काकांची होती. मध्येच थांबून प्रश्न विचारायची त्यांची लकब तशीच्या तशी. आत्या मान किंचित कलती ठेवून ऐकत होती. दुसऱ्या परिच्छेदाला तिने हात वर केला.

“थांब. होकर म्हणतोय तो. होळकर हवं.”

मी फाइल पाहिली. सगळ्या लेखातला एकूण एक ‘ळ’ गळला होता. माझा तक्ता मी त्या तयार साधनावरून बेतला होता आणि ते हिंदीसाठी बनवलेलं होतं. बनवणाऱ्याला ‘ळ’ कधी लागलाच नसेल. मी तिथेच, तिच्या पलंगाच्या कडेवर बसून लॅपटॉप उघडला, तक्त्यात एक ओळ घातली, समोर २३५५ लिहिलं आणि वीसही लेख पुन्हा रूपांतरित केले.

“आता लाव,” ती म्हणाली. “पहिल्यापासून लाव.”